प्रगत देशांचा आरोग्यखर्च एका पातळीवर येतो काय?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवाल वर्षाचे उत्पन्न-खर्च पत्रक व ताळेबंद यापूर्वीच आपणांसमोर सादर झाले आहेत आणि लेखापरीक्षकांच्या अभिप्रायाचेही वाचन झाले आहे. तो भाग पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. तथापि पत्रकातील 'उत्पन्नापेक्षा अधिक झालेला खर्च' या एका ओळीवर गेल्या काही बैठकांत जी चर्चा झाली, तीत एक विचार वारंवार पुढे आला. प्रगत देशांतील आरोग्यखर्च वाढत वाढत कुठेतरी स्थिरावला असणारच, सर्व देश हळूहळू एकाच पातळीवर येत असणार, आणि आपणही त्यांच्या मागोमाग त्याच वाटेने जात असल्याने आपल्या रुग्णालयाचा खर्चही यथावकाश स्थिरावेल. मग कायम निधीसाठी नव्याने आवाहन करण्याची घाई कशाला, असा तो विचार होय. तो मांडणाऱ्यांचा संस्थेविषयीचा जिव्हाळा निःसंशय आहे. म्हणूनच त्याचे उत्तर केवळ 'तसे होणार नाही' असे न देता, प्रगत देशांत प्रत्यक्षात काय घडले याचा धांडोळा घेऊन द्यावे, असे आम्हांस वाटले. आम्ही वाणिज्य शाखेचे; वैद्यकशास्त्राबद्दल बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु खर्च हा विषय आमचा आहे.

खर्च आपोआप स्थिरावेल ही अपेक्षा नवी नाही. ती एकदा फार मोठ्या प्रमाणावर बाळगली गेली होती. १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, इंग्लंडमध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षिततेवरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांसाठी आरोग्यसेवेची कल्पना होती आणि तिच्या खर्चाचा अंदाजही होता. तो अंदाज बांधताना गृहीत असे धरले होते की, सेवा विस्तारेल तसा खर्च वाढेल हे खरे, पण लोकांवर वेळीच उपचार झाल्याने आजारपणही घटेल, आणि या दोहोंची वजाबाकी होऊन वीस वर्षांनंतरचा खर्च आरंभीच्या खर्चाइतकाच राहील. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. कवळ्या आणि चष्मे यांसाठी इतकी गर्दी लोटली की अंदाजपत्रक पहिल्याच वर्षी कोलमडले. १९५१ मध्ये या दोन गोष्टींवर आकार बसवण्याचे ठरताच, ही सेवा ज्यांनी उभी केली ते मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. १९५२ पासून औषधाच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग द्यावा लागू लागला. हे सारे आरोग्य सेवेच्या पहिल्या चार वर्षांत घडले.

गंमत अशी की, खर्च हाताबाहेर गेल्याच्या ओरडीवरून नेमलेल्या गिलेबॉड समितीने १९५६ मध्ये अहवाल दिला तेव्हा निष्कर्ष उलटाच निघाला. पौंडांत खर्च वाढला होता, परंतु राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात तो पावणेचार टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांवर आला होता. ओरड करणारे रक्कम पाहत होते आणि समिती प्रमाण पाहत होती. आजच्या विषयात हाच घोटाळा पावलोपावली आडवा येतो, म्हणून त्याकडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

अर्थशास्त्रज्ञ या विषयासाठी 'अभिसरण' हा शब्द योजतात. रुग्णालयात तो रक्ताभिसरणासाठी राखीव असल्याने आम्ही 'समीपता' म्हणतो. ही समीपता मोजण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांची उत्तरे नेहमी जुळत नाहीत. पहिलीत असे पाहतात की, सुरुवातीला जे देश कमी खर्च करीत होते त्यांचा खर्च अधिक वेगाने वाढला काय. दुसरीत निरनिराळ्या देशांच्या आकड्यांमधील फैलाव, म्हणजे आम्ही महाविद्यालयात शिकलो ते प्रमाण विचलन, वर्षागणिक कमी होते काय हे पाहतात. समजा, एका घराचा औषधपाण्याचा खर्च वर्षाला १०० रुपये आणि शेजाऱ्याचा ४०० रुपये आहे. काही वर्षांनी पहिल्याचा ३०० आणि दुसऱ्याचा ८०० झाला. पहिला तिप्पट वाढला, दुसरा दुप्पट. पूर्वी शेजारी चौपट खर्च करीत होता, आता पावणेतीनपटीहून किंचित कमी करतो. म्हणजे दोघे जवळ आले. परंतु दोघांतील अंतर पूर्वी ३०० रुपये होते, ते आता ५०० झाले. म्हणजे दोघे दूर गेले. दोन्ही विधाने एकाच वहीतून काढलेली व दोन्ही खरी आहेत. आरोग्यखर्चाच्या चर्चेत कोण कोणते विधान करतो यावर त्याचा पक्ष ओळखता येतो.

याखेरीज एक जुना सापळा आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले की, फार उंच बापांचे मुलगे सरासरीने बापापेक्षा काहीसे ठेंगणे आणि फार ठेंगण्या बापांचे मुलगे काहीसे उंच निघतात. यावरून कोणी म्हणेल की काही पिढ्यांत सर्व माणसे एकाच उंचीची होणार. तसे होत नाही; उंचीचा फैलाव पिढ्यानपिढ्या तितकाच राहतो. खालचे वर सरकले एवढ्यावरून सर्व एकत्र आले असे अनुमान काढणे हीच ती चूक, आणि अर्थशास्त्रातही ती झाली. विल्यम बॉमॉल या थोर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये सोळा प्रगत देशांच्या शतकभराच्या आकड्यांवरून देश आर्थिक दृष्ट्या जवळ येत असल्याचे मांडले. दोन वर्षांत ब्रॅडफर्ड डी लाँग यांनी आक्षेप घेतला की, हे सोळा देश आज श्रीमंत आहेत म्हणूनच निवडले गेले. शर्यत संपल्यावर पहिल्या आलेल्यांनाच उभे करून 'पाहा, सर्व एकाच ठिकाणी पोहोचले' असे म्हणण्यासारखे हे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्जेंटिना श्रीमंत देशांत गणला जाई. तो यादीत नव्हता.

'प्रगत देशांचा आरोग्यखर्च' म्हणताना हीच काळजी घ्यावी लागते. दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या. तेथे १९७७ मध्ये मोठ्या कारखान्यांतील कामगारांपासून सक्तीचा आरोग्य विमा सुरू झाला आणि अवघ्या बारा वर्षांत, १९८९ पर्यंत, तो साऱ्या जनतेला लागू झाला. २००० च्या सुमारास त्या देशाचा आरोग्यखर्च देशांतर्गत उत्पादनाच्या चार टक्के होता. २०२२ पर्यंत तो दुपटीहून अधिक झाला. हा समीपतेचा उत्तम दाखला आहे. परंतु कोरिया १९९६ मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेत दाखल झाला, म्हणून तो आपल्या नजरेस येतो. जे देश त्याच्याबरोबर निघाले आणि मध्येच थांबले, त्यांची नोंद या कोष्टकात नसते.

आता ढोबळ आकडे पाहू. ब्रिटन, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, स्वीडन, नेदरलँड्स, कॅनडा आणि अमेरिका हे आठ देश घेतले, तर १९७० च्या सुमारास त्यांचा आरोग्यखर्च देशांतर्गत उत्पादनाच्या साधारण ४ ते ७ टक्क्यांच्या पट्ट्यात होता. सर्वाधिक खर्च करणारा देश सर्वांत कमी करणाऱ्याच्या पावणेदोनपट खर्च करीत होता. २०२२ मध्ये अमेरिका सोडून उरलेले सात देश साधारण १० ते साडेबारा टक्क्यांच्या पट्ट्यात आहेत. म्हणजे सर्वाधिक खर्चाचा देश आता केवळ सव्वापट खर्च करतो. या सात देशांपुरती समीपता निर्विवाद आहे. मात्र आठवा देश गणतीत घेतला की चित्र पालटते. अमेरिकेचा खर्च १६ ते १७ टक्क्यांच्या घरात असल्याने ते पावणेदोनपटीचे अंतर पन्नास वर्षांनंतरही जवळपास तसेच राहते. माणशी रक्कम पाहिली तर २०२२ मध्ये, क्रयशक्तीतील फरक जमेस धरून, अमेरिकेत सुमारे साडेबारा हजार डॉलर खर्च होत होते, तर ओईसीडी देशांची सरासरी सुमारे पाच हजार होती.

अमेरिका आणि कॅनडा यांची जोडी या संदर्भात विशेष अभ्यासण्याजोगी आहे, कारण दोन शेजाऱ्यांत इतके साम्य अन्यत्र क्वचित आढळते. डॉक्टरांचे शिक्षण सारखे, औषधे तीच, राहणीमान जवळपास तेच. १९७० च्या सुमारास दोन्ही देश उत्पादनाच्या सुमारे सात टक्के आरोग्यावर खर्च करीत. नेमके याच सुमारास कॅनडाने आपली घडी बदलली. सस्कॅचवान प्रांतात १९६२ मध्ये सुरू झालेली सार्वजनिक वैद्यकीय विम्याची योजना १९६६ च्या कायद्याने देशभर नेण्याचे ठरले आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी सर्व प्रांतांत ती लागू झाली. प्रत्येक प्रांतात बिल चुकते करणारा एकच आणि त्याच्याशी दर ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या संघटना. अमेरिकेने १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड सुरू केले, बाकीच्यांना नोकरीतून मिळणाऱ्या खासगी विम्यावर सोडले. त्या वर्षांपासून दोन्ही रेषा फाकत गेल्या. २०२२ मध्ये कॅनडाचा खर्च ११ टक्क्यांच्या आसपास होता. ज्या दोन देशांनी सर्वांत जवळ यावयास हवे होते, ते सर्वांत दूर गेले. आणि खर्चात अडीचपट पुढे असलेल्या अमेरिकेचे सरासरी आयुर्मान इतर प्रगत देशांच्या मागे पडले आहे.

हे का झाले, यावर २००३ मध्ये गेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गाजलेला निबंध लिहिला. अमेरिकन माणूस इतरांपेक्षा अधिक वेळा डॉक्टरकडे जातो किंवा रुग्णालयात अधिक दिवस राहतो असे नाही. त्याच सेवेला तो अधिक किंमत मोजतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. जोडीला कारकुनी खर्च आहे. अनेक विमा कंपन्या, प्रत्येकीचे निराळे नियम, निराळे अर्ज, निराळ्या हरकती. आमच्या बिल विभागातील सहकाऱ्यांना हे वर्णन परकीय वाटणार नाही. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने मेडिकेअरला औषधांच्या किमतींबाबत कंपन्यांशी घासाघीस करण्यास मनाई केली होती. २०२२ च्या कायद्याने ती मुभा मर्यादित प्रमाणात दिली आणि पहिल्या दहा औषधांचे वाटाघाटीचे दर अमलात येण्यासाठी जानेवारी २०२६ ही तारीख ठरली. देशातील सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने भाव करू नये हा नियम तेथे वीस वर्षे चालला. आमच्या औषध भांडाराच्या प्रमुखांना हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना.

जपानची वाट याच्या नेमकी उलट. तेथे १९६१ पासून सर्वांना विमा आहे, रुग्णालये बव्हंशी खासगी आहेत, पण तपासणीचा वा शस्त्रक्रियेचा दर सरकार ठरवते आणि तो दर दोन वर्षांनी तपासते. लोकसंख्येच्या प्रमाणात एमआरआयची सर्वाधिक यंत्रे असलेल्या देशांत जपान अग्रभागी आहे. तपासण्या फार होतात असे दिसताच २००२ च्या फेरतपासणीत मेंदूच्या एमआरआयचा दर सुमारे तीस टक्क्यांनी खाली आणला गेला. यंत्रे बंद पडली नाहीत. उलट उत्पादकांनी स्वस्त यंत्रे काढली. आज जपानमध्ये पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास आहे, अमेरिकेत ते १८ टक्क्यांच्या आसपास आहे. वार्धक्यामुळे खर्च वाढतो हे खरेच आणि जपानचा खर्चही २००० नंतर बराच वाढला आहे. तरी म्हातारा देश कमी खर्च करतो आणि तरुण देश अधिक, हे पाहिल्यावर सारा दोष वार्धक्यावर ढकलता येत नाही.

हेतुपुरस्सर सरासरी गाठण्याचे उदाहरण पुन्हा ब्रिटनचेच आहे. जानेवारी २००० मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दूरदर्शनवरील एका मुलाखतीत, ब्रिटनचा आरोग्यखर्च युरोपीय सरासरीपर्यंत नेण्याचे जाहीर केले. शस्त्रक्रियांसाठी प्रतीक्षायाद्या लांबल्या होत्या आणि त्या हिवाळ्यात फ्ल्यूने रुग्णालये भरली होती. २००२ च्या अंदाजपत्रकात त्यासाठी राष्ट्रीय विम्याचा हप्ता एक टक्क्याने वाढवण्यात आला आणि पाच वर्षे दरसाल महागाईच्या वर सात टक्क्यांहून अधिक वाढ देण्याचे ठरले. लोकांनी तो कर दिला. प्रतीक्षायाद्या खरोखर कमी झाल्या. तथापि दोन अडचणी उद्भवल्या. सरासरी ही स्थिर खूण नव्हे. ब्रिटन तिच्याकडे धावत असताना शेजारचे देशही खर्च वाढवीत होते. आणि २०१० नंतर सरकार बदलले, धोरण बदलले, वाढीचा वेग वर्षाला एक-दीड टक्क्यावर आला. ब्लेअर यांच्या काळात जवळ आणलेले अंतर पुढील दशकात पुन्हा रुंदावू लागले. समीपता साधण्यासाठी निर्णय घ्यावा लागतो आणि टिकवण्यासाठी तो दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो.

हिशेबनिसाच्या दृष्टीने रोचक असा एक भाग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने आरोग्यखर्चाची व्याख्या आंतरराष्ट्रीय पद्धतीशी जुळवून घेतली आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा बराचसा खर्च त्यात धरला. त्याबरोबर २०१४ चा आकडा पावणेनऊ टक्क्यांच्या जवळून जवळपास दहा टक्क्यांवर गेला. एकही खाट वाढली नाही, एकही परिचारिका नव्याने नेमली गेली नाही, केवळ एका शीर्षकाखालील रक्कम दुसऱ्या शीर्षकाखाली आली आणि देश सरासरीच्या जवळ पोहोचला. आयर्लंडचा प्रकार याहून विलक्षण. तेथे करसवलतीसाठी परदेशी कंपन्यांनी आपली मत्ता कागदोपत्री हलवल्याने २०१५ मध्ये देशाचे उत्पादन एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. छेद फुगला म्हणून आरोग्यखर्चाची टक्केवारी खाली आली. डब्लिनच्या रुग्णाला कमी औषध मिळाले असे नव्हे. शेवटी त्या देशाला राष्ट्रीय उत्पन्नाची एक निराळी, दुरुस्त केलेली मोजणी सुरू करावी लागली. ग्रीसमध्ये दिवाळखोरीच्या संकटानंतर कर्ज देणाऱ्यांच्या अटीत सार्वजनिक आरोग्यखर्च उत्पादनाच्या सहा टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट होती. तेथे उत्पादनही घसरत होते, त्यामुळे टक्केवारी सांभाळताना प्रत्यक्ष रक्कम किती कापावी लागली असेल याची कल्पना करावी.

मग खर्चाला ढकलणारी मूळ शक्ती कोणती? जोसेफ न्यूहाउस यांनी १९७७ मध्ये तेरा प्रगत देशांचे आकडे मांडून दाखवले की, माणशी आरोग्यखर्चातील फरकाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग केवळ माणशी उत्पन्नातील फरकाने समजतो. म्हणजे देश श्रीमंत होतील तसा त्यांचा आरोग्यखर्च वाढेल, आणि उत्पन्ने जवळ आली तर खर्चही जवळ येतील. हे पुष्कळ अंशी खरे ठरले, अमेरिकेचा अपवाद वगळता. पण उत्पन्न वाढल्यावर आरोग्यखर्च उत्पन्नाहून अधिक वेगाने का वाढावा, याचे स्पष्टीकरण पुन्हा बॉमॉल यांच्याकडेच मिळते. १९६६ मध्ये त्यांनी विल्यम बोवेन यांच्यासमवेत रंगभूमी आणि संगीताच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. चार वादकांच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी चार वादक लागत आणि आजही चारच लागतात. कारखान्यात यंत्रांमुळे एक कामगार पूर्वीच्या अनेकपट माल काढतो, म्हणून त्याचे वेतन वाढते. वादकाचे काम तेवढेच राहते, पण त्याचेही वेतन वाढवावे लागते. अन्यथा तो कारखान्यात जाईल. आपल्याकडे संगीत नाटक मंडळ्या चालवणाऱ्यांना हा सिद्धांत कोणी शिकवला नसेल, पण त्यांनी तो भोगला.

रुग्णालय हे वाद्यवृंदासारखेच आहे. अतिदक्षता विभागात रात्रपाळीला जितक्या परिचारिका लागतात, त्यांत यंत्राने कपात होत नाही. मॉनिटर आला म्हणून रुग्णाला कुशीवर वळवण्याचे काम तो करीत नाही. म्हणून शहरातील इतर व्यवसायांत पगार वाढले की आमच्याही वेतनखर्चात वाढ होते आणि तिच्या बदल्यात रुग्णसंख्या त्या प्रमाणात वाढत नाही. ही उधळपट्टी नव्हे. यात आता प्रगत देशांचाही थेट संबंध येऊ लागला आहे. म्हातारे होत चाललेल्या युरोपला परिचारिका हव्या आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. आमच्या मुली परदेशी जाऊन चार पैसे मिळवतील तर आम्हांस आनंदच आहे. परंतु त्यांच्या वेतनाची तुलना यापुढे शेजारच्या रुग्णालयाशी न होता स्टुटगार्टशी होणार, हे विश्वस्त मंडळाने ध्यानात घ्यावे. प्रगत देशांच्या खर्चाशी आपली समीपता जर कोठून सुरू होत असेल तर ती या बाजूने.

भारताचा एकूण आरोग्यखर्च २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशांतर्गत उत्पादनाच्या ३.८३ टक्के होता; त्यात शासनाचा वाटा उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने शासनाचा वाटा २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के भाग कुटुंबांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून दिला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरीही ओईसीडी देशांत सरासरीने एक पंचमांशाहून कमी भार रुग्णाच्या खिशावर पडतो, हे येथे उपस्थित असलेल्या कुटुंबीयांना सांगताना संकोच वाटतो. त्या देशांत खर्च वाढला तेव्हा तो करांतून किंवा विम्याच्या हप्त्यांतून, निरोगी आणि आजारी अशा सर्वांवर वाटला गेला. आपल्याकडे तो वाढतो तेव्हा बव्हंशी आजारी माणसाच्या घरावर कोसळतो, किंवा आपल्यासारख्या संस्थेच्या तुटीत येऊन बसतो.

यावरून कायम निधीच्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या कायम निधीचा मोठा भाग मुदत ठेवींत आहे. ठेवीचे व्याज ज्या वेगाने वाढते, त्याहून खाटेमागील दैनंदिन खर्च अधिक वेगाने वाढतो. कारण त्यातील सर्वांत मोठा घटक वेतनाचा आहे आणि वेतनाची गती बाहेरच्या बाजारात ठरते. व्याज सर्व खर्चून टाकल्यास निधी कागदावर तेवढाच दिसतो, प्रत्यक्षात दरवर्षी काही खाटांची ताकद गमावतो. निर्धन रुग्ण निधीची गोष्ट निराळी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम या निधीत जमा करावयाची असते आणि दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात. बिलांची रक्कम वाढली की हा निधी आपोआप वाढतो, त्यामुळे तो काही अंशी महागाईबरोबर चालतो. मात्र निधी वाढावा म्हणून दर वाढवले, तर जे निर्धनही नाहीत आणि सुखवस्तूही नाहीत अशा कुटुंबांवर भार पडतो. आमच्या देयक खिडकीपुढे सवलतीसाठी सर्वाधिक वेळ उभी राहणारी कुटुंबे हीच आहेत.

शहरातील इतर रुग्णालयांच्या सरासरी दराशी आपले दर जुळवून घ्यावेत, ही सूचनाही चर्चेत आली होती. ब्रिटनच्या उदाहरणावरून सरासरीमागे धावण्यातील धोका स्पष्ट व्हावा. आणि ज्यांच्याशी जुळवून घ्यावयाचे त्यांच्या दरांत कोणकोणते खर्च अंतर्भूत आहेत हे ठाऊक नसताना केलेली तुलना आयर्लंडच्या टक्केवारीसारखीच फसवी ठरेल. जपानने दर ठरवताना शेजाऱ्याचा दर पाहिला नाही, तपासणीला प्रत्यक्ष किती खर्च येतो आणि ती किती वेळा होते हे पाहिले. तसे मोजमाप आमच्या प्रयोगशाळेत व क्ष-किरण विभागात या वर्षी सुरू झाले आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी लेखी ठेवल्या आहेत आणि त्यांची माहिती देणगीदारांना असणे उचित होय. कायम निधीचे आवाहन पुढे न ढकलता याच वर्षी करावे. निधीवरील व्याजाचा ठरावीक हिस्सा खर्च न करता मुद्दलात परत घालावा, जेणेकरून निधीची क्रयशक्ती टिकेल. हा हिस्सा किती असावा हे लेखापरीक्षकांच्या सल्ल्याने मंडळ ठरवील. आणि पुढील अहवालापासून उत्पन्न-खर्च पत्रकाशेजारी एक स्वतंत्र पान असावे, ज्यात दर दाखल दिवसामागे झालेला खर्च, त्यातील वेतनाचा वाटा, रुग्णाने दिलेली रक्कम आणि निधीतून भागवलेली रक्कम सलग पाच वर्षांची दिली जाईल, दर वर्षी त्याच शीर्षकांखाली. शीर्षक बदलावे लागलेच तर जुन्या वर्षांचे आकडेही नव्या शीर्षकानुसार पुन्हा मांडून त्याच पानावर छापले जातील. मंडळाची पुढील बैठक येत्या महिन्यात आहे. त्यापूर्वी ज्या सभासदांना या प्रस्तावांवर सूचना करावयाच्या असतील, त्यांनी त्या कार्यालयात लेखी द्याव्यात.